संगीत विषय घ्या, पण आधी शाळेतली वाद्यं पाहून या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आठवी-नववीच्या प्रवेशाचे दिवस आले की सांगली-मिरजेतले पालक संगीत शिकवणाऱ्यांना पहिला प्रश्न विचारतात : "संगीत घेतलं तर मार्क किती वाढतात?" प्रश्न रास्त आहे, पण तो सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी पाहायचं ते मुलाचा आवाज कुठल्या पट्टीत आहे, म्हणजे तो सा किती उंचीवर धरतो, आणि त्या पट्टीत शिकवायची सोय शाळेत आहे का.

मार्कांचं थोडक्यात सांगतो. राज्य मंडळाच्या दहावीत शास्त्रीय संगीताचे वाढीव गुण मिळतात ते मान्यताप्राप्त संस्थेच्या परीक्षा क्रमाने पास झालेल्यांना. एका परीक्षेवर भागत नाही. गांधर्व महाविद्यालय मंडळाचा क्रम प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण असा चढत जातो. परीक्षा वर्षातून दोनदा असल्या तरी प्रत्येक पायरीला वर्षभराची मेहनत धरावी. म्हणजे सुरुवात सहावीत हवी. नववीत जागं होऊन उपयोग नाही. प्रस्ताव शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे जातो, म्हणून प्रमाणपत्रावरचं नाव शाळेच्या दाखल्याशी अक्षरशः जुळतंय ना, हे पहिल्याच परीक्षेच्या फॉर्मवेळी बघा. सीबीएसईच्या शाळांत हिंदुस्थानी संगीत हा रीतसर विषय घेता येतो. तिथे लेखीपेक्षा प्रात्यक्षिकाला जास्त गुण असतात. पाठांतरावर तरून जाणाऱ्या मुलाने तिथे न गेलेलं बरं.

आता आवाजाचं. मुलींचा आवाज साधारण पेटीच्या पांढरी पाच ते काळी पाच या पट्ट्यांच्या टप्प्यात बसतो. मुलग्यांचाही बारा-तेरापर्यंत तिथेच असतो. नंतर तो फुटतो, आणि नेमका आठवी ते दहावीतच फुटतो. कालपर्यंत काळी चारमध्ये तार षड्ज (वरचा सा) सहज लावणारा मुलगा आज मध्य पंचमावरच (मधल्या सप्तकातल्या प वरच) घसरतो. वर्गात हसतात, मुलगा गाणं सोडतो आणि पालक म्हणतात गळाच नाही. गळा असतो, फक्त तो बदलत असतो. या काळात पट्टी उतरवावी, मंद्र-मध्य (खालच्या आणि मधल्या) सप्तकात सावकाश अलंकार, म्हणजे सरावाच्या स्वरपंक्ती, घ्याव्यात, वरचा सा ओढून लावायला अजिबात सांगू नये. पुढे आवाज स्थिरावला की तो बहुधा पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास येतो. ज्याच्या परीक्षेचं वर्ष नेमकं यात सापडणार, त्याला तबला किंवा संवादिनी घेऊ द्यावी. ताल पक्का होतो, आणि पुढे गाण्याकडे परतताना तोच कामी येतो.

शाळेत बहुधा तबल्याची एकच जोडी असते, आणि त्यातला दायाँ (उजव्या हाताचा तबला) असतो काळी चारचा. तो पांढरी एकला जुळवायला गेलात तर नीट लागत नाही. त्यासाठी वेगळ्या मापाचा दायाँच लागतो. नवा घ्यायला पैसे नसतील तर एक साधा मार्ग आहे. काळी एकचा पंचम म्हणजे काळी चार. त्यामुळे मुलगे काळी एकमध्ये गात असतील तर हाच दायाँ पंचमात लागलेला म्हणून चालतो. भूप, यमन, दुर्गा हे राग निभावतात. मालकंसाला मात्र हे चालत नाही, कारण त्यात पंचमच नाही.

तानपुऱ्याबद्दल मिरजेच्या जवळ राहून लिहावं लागतं याचं फार वाईट वाटतं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शाळेतला तानपुरा मात्र गवसणीत कपाटावर आणि वर्गात मोबाईलचं ॲप. ॲप घरच्या रियाजाला ठीक आहे. पण तार स्वतः जुळवल्याशिवाय सूर थोडा चढलाय की उतरलाय हे कानाला समजत नाही. मुलं चुकतात ती इथे : खुंटी जोरात फिरवतात आणि तार तुटते. आधी तारेत ओवलेले मणी मधोमध आणावेत, म्हणजे वर-खाली दोन्हीकडे जागा राहते. मग खुंटीने सुराच्या जवळ यावं आणि बारीक फरक मण्याने काढावा. जवारी (तारेची झंकार) बोलत नसेल तर घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, तारेखालचं सूत केसभर सरकवून पाहावं. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, उन्हाळ्यात सटकतात. सटकणाऱ्या खुंटीला खडूची पूड पुरते.

लेखी भागात मार्क जातात ते दोन ठिकाणी. एक, ताल लिहिण्याच्या दोन लिपींची सरमिसळ. भातखंडे पद्धतीत समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) × आणि कालाला (टाळी न देता हात बाजूला न्यायच्या मात्रेला) ० लिहितात, पलुसकर पद्धतीत समेला १ आणि कालाला +. एक धरली की शेवटपर्यंत तीच. दुसरं, झपतालाची दुगुन, म्हणजे दुप्पट लय. दहा मात्रा दुगुनीत पाच मात्रांत संपतात, म्हणून समेवर यायचं तर सुरुवात सहाव्या मात्रेवर, म्हणजे कालावर. मुलं ती पहिल्या मात्रेपासून लिहितात आणि पाचवीवर थांबतात. हाताने टाळी देत दहा वेळा म्हणून घेतलं तर ही चूक होत नाही, नुसतं फळ्यावरून उतरवून घेतलं तर होते.

पालकांनी सही करण्यापूर्वी शाळेत जाऊन संगीताचा तास आठवड्यात किती वेळा आहे आणि तो कुणाला दिलाय हे विचारावं. एकाच दिवशी जोडून दोन तास ठेवण्यापेक्षा तीन दिवस अर्धा-अर्धा तास बरा, कारण कच्चा गळा तासाभरात थकतो. आणि मुख्याध्यापकांना एक विनंती : जूनमध्ये शाळा उघडण्याआधी मिरजेच्या एखाद्या कारागिराला बोलावून तानपुऱ्याच्या तारा बदलून घ्या, तबल्याची पुडी (तोंडावरचं कातडं) तपासून घ्या. सांगलीपासून मिरज हाकेच्या अंतरावर आहे.

आपला विश्वासू,
एक संगीतशिक्षक, सांगली