कापूस, कोळसा आणि ड्रायक्लीनिंगची पावती

यवतमाळ, रविवार

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, इथे जिथे जावं तिथे ते रडकं कंट्री म्युझिक लावलेलं असतं, डोकं उठतं." आणि त्याच दमात सांगितलंस, की वर्गातल्या तिघांबरोबर तूही गाणी करतेस आणि त्यातल्या दोन गाण्यांचे शब्द नि चाल तुझी आहे. पहिल्या वाक्याचा राग आला, दुसऱ्याने पोट भरलं. दोन्हींवर मला बोलायचंय, पण फोनवर तू "हो हो" म्हणतेस आणि ऐकत नाहीस. म्हणून कागद.

तू अमेरिकेत नॉक्सव्हिलला गेलीस तेव्हा ते ज्या राज्यात आहे ते टेनेसी म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं. सत्तावीस वर्षं वाचनालयात पुस्तकं दिली-घेतली, आता पोरगी जिथे राहते तिथलं काहीच वाचलेलं नाही म्हणजे काय? दादाच्या जुन्या किंडलवर तिकडच्या गायकांची आत्मचरित्रं वाचायला घेतली. माझं इंग्रजी बैलगाडीचं, पण गाडी पोचते.

सुरुवात लॉरेटा लिनच्या 'कोल मायनर्स डॉटर'ने कर. केंटकीतल्या बुचर हॉलो नावाच्या डोंगरातल्या खबदाडात जन्म, बाप कोळशाच्या खाणीत, आठ भावंडं. विशीच्या आत चार मुलं. नवऱ्याने सतरा डॉलरची गिटार आणून दिली, ती स्वतःच शिकली. 1960 मध्ये पहिली रेकॉर्ड निघाली, तर दोघं नवरा-बायको गाडीत बसून एकेका रेडिओ स्टेशनला जाऊन "आमचं गाणं लावा हो" म्हणत फिरले. पुस्तक 1976 चं. तिने सांगितलं आणि जॉर्ज वेक्सी नावाच्या पत्रकाराने लिहिलं, पण बोली तिचीच ठेवली. मला हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' आठवलं. तेही त्यांनी सांगितलं आणि अरुण साधूंनी उतरवलं. आपल्या वाचनालयात बायका ते पुस्तक वर्तमानपत्राचं कव्हर घालून न्यायच्या आणि परत करताना कव्हर काढायला विसरायच्या.

एक मात्र लक्षात ठेव. लॉरेटा वर्षानुवर्षं सांगायची की लग्नात ती तेरा वर्षांची होती. 2012 मध्ये पत्रकारांनी जन्माची नोंद काढली, तर जन्म 1932 चा, म्हणजे लग्नात पंधरा पूर्ण. मला त्याने काही बिघडलं असं वाटलं नाही. आपल्याकडे तरी शाळेत घालताना कुणाचं वय खरं लिहिलं जायचं?

जॉनी कॅशचं पुस्तक मी दोनदा वाचलं. त्याने दोन आत्मचरित्रं लिहिली. तू 1997 चं वाच, पहिल्याच्या नादी लागू नकोस. आर्कन्सॉमधलं डायेस नावाचं गाव, सरकारने मंदीत गरीब शेतकऱ्यांसाठी वसवलेलं. घराला वीस एकर, काळी चिकट माती आणि पीक कापसाचं. मी वाचता वाचता उठले आणि पाणी प्यायले. वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी बोटं कशी सोलून निघतात ते तो लिहितो, आणि माझी दहावीपर्यंतची दिवाळीची सुट्टी त्यातच गेलेली. कमरेला फडक्याची ओटी, सकाळच्या दवाने कापूस ओला, आणि आजीची हाक, "नुसता पाला आणू नकोस गं."

त्याचा मोठा भाऊ जॅक चौदा वर्षांचा असताना लाकूड कापायच्या करवतीवर जखमी झाला आणि काही दिवसांनी गेला. ते 1944 साल. जॉनी तेव्हा बारा वर्षांचा, त्या सकाळी मासे धरायला गेलेला. भावाला पुरलं आणि दुसऱ्या दिवशी सगळं घर कापसाच्या शेतात. आई ओळीतच गुडघ्यांवर कोसळली. बाप उठवायला गेला, तर म्हणाली, देव उठवेल तेव्हा उठेन. आजोबांच्या तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी तुझी आजीही शेतात होती. लोक नावं ठेवत होते, कापूस मात्र थांबत नव्हता. तू ज्याला रडकं म्हणतेस ना, ते इथून येतं.

चार्ली प्राइडही कापसातलाच, मिसिसिपीतल्या स्लेजचा, वाट्याने शेती करणाऱ्या काळ्या कुटुंबातला. त्याच्या पहिल्या रेकॉर्डी रेडिओवाल्यांना फोटो न लावता पाठवल्या होत्या. आवाज आवडला, मग माणूस दिसला. मोठ्या कार्यक्रमात तो रंगमंचावर आला तेव्हा टाळ्या मध्येच विरल्या, हे तो अजिबात चिडचिड न करता सांगतो. मला ते जरा जास्तच गोड वाटलं. मी असते तर चिडले असते.

बॉब डिलनचं 'क्रॉनिकल्स' शेवटी वाच किंवा वाचूच नकोस. भाषा देखणी, पण ज्यासाठी माणूस पुस्तक उघडतो ती वर्षं गायब, आणि फारशा न गाजलेल्या एका अल्बमवर अख्खं प्रकरण! हुशार माणसाची लपाछपी.

आता डॉली पार्टन, तुझी शेजारीण. तुझ्या गावापासून जवळच सेव्हियर काउंटीत बारा भावंडांत वाढली. बाळंतपणाचे डॉक्टरला मक्याच्या पिठाचं पोतं दिलं. नॉक्सव्हिलच्या रेडिओ-टीव्हीवर लहानपणीच गायची. 1964 मध्ये शाळा संपली आणि दुसऱ्या दिवशी नॅशव्हिलची, म्हणजे कंट्री म्युझिकच्या शहराची, बस धरली. वडिलांना वाचता येत नव्हतं, म्हणून 1995 पासून ती लहान मुलांना दर महिन्याला घरपोच पुस्तक पाठवते. वाचनालयातली बाई यावर काय बोलणार?

पण तिचं नाव मी वेगळ्याच कारणासाठी काढलंय. आईने चिंध्या जोडून शिवलेल्या कोटावरचं तिचं गाणं दौऱ्याच्या बसमध्ये सुचलं. कागद नव्हता, म्हणून ड्रायक्लीनिंगच्या पावतीवर लिहिलं. आणि तिनेच लिहिलेलं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' गायक एल्व्हिस प्रेस्लीला गायचं होतं, तेव्हा त्याचा मॅनेजर म्हणाला, निम्मे हक्क आमचे. तिला एल्व्हिस म्हणजे देव. रात्रभर रडली, पण नाही म्हणाली. 1992 मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने तेच गाणं गायलं आणि जगभर वाजलं. हक्क डॉलीकडेच होते.

तुझ्या त्या दोन गाण्यांवर नाव कुणाचं, असं मी विचारलं तर म्हणालीस, "अगं, आम्ही सगळे मित्रच आहोत, नंतर बघू." मित्र आहेत तर मग आत्ताच बघा, सोपं जाईल. शब्द कुणाचे, चाल कुणाची, एका कागदावर लिहा आणि चौघांनी सह्या करा. ऑनलाइन टाकण्याआधी.

बाबा विचारतात, कुरडया पाठवू का. पार्सलचा खर्च कुरडयांच्या दहापट आहे, तरी विचारतात.

तुझी,
आई

ता. क. पहिलं गाणं कशावर लिहिलं होतंस, वहीत की मोबाइलमध्ये? वहीत असेल तर ते पान फाडू नकोस. वर तारीख घाल.