ओएकुसीची कोंडी फुटावी

महोदय,

तिमोर-लेस्ते ऑक्टोबर 2025 मध्ये आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा अकरावा सदस्य झाला, त्याचे स्वागत करताना याच देशाच्या ओएकुसी या तुटक प्रदेशाचा विसर पडू नये. एकीकडे समुद्र आणि उरलेल्या बाजूंना इंडोनेशियाचा पश्चिम तिमोर, अशा कोंडीत राहणाऱ्या येथील नागरिकाला स्वतःच्याच राजधानीला, दिलीला, खुष्कीच्या मार्गाने जायचे तर दोनदा आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडावी लागते. एरवी बोटीचा लांबचा प्रवास किंवा सामान्यांना न परवडणारे विमान. येथे विशेष आर्थिक क्षेत्रावर मोठा खर्च झाला, 2019 मध्ये नवा विमानतळही उभा राहिला. परंतु अपेक्षित खासगी गुंतवणूक आली नाही आणि भात-मक्यावर जगणाऱ्या शेतकऱ्याच्या पदरात फारसे काही पडले नाही. माझ्या मते 2017 मध्ये टोनो नदीवर झालेला पूल हेच खरे काम, कारण त्यापूर्वी पावसाळ्यात नदी फुगली की पलीकडच्या गावांचा पांते मकासार या ओएकुसीच्या मुख्य शहराशी, म्हणजेच बाजार आणि रुग्णालयाशी, संपर्क तुटत असे. आता आसियानच्या व्यासपीठावरून तिमोर-लेस्तेने ओएकुसीकरांसाठी पश्चिम तिमोरमधून कमी खर्चाच्या, निर्वेध भूमार्गाचा आग्रह धरावा आणि इंडोनेशियानेही तो मोठ्या मनाने मान्य करावा.

— एक वाचक