सीपीआरचा सराव वॉर्डातल्या खाटेवरच व्हावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

स्टाफ नर्स म्हणून 31 वर्षे काम करून मी निवृत्त झाले. गेल्या पावसाळ्यात थोरल्या जाऊबाईंच्या सोबतीला बेळगावातल्या एका रुग्णालयात रात्री राहिले होते. अडीचच्या सुमारास शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ एकाएकी निपचित पडले. ड्युटीवरची सिस्टर धावत आली, नाडी पाहिली आणि लगेच सीपीआरसाठी, म्हणजे थांबलेल्या हृदयाचं काम बाहेरून चालू ठेवण्यासाठी, छाती दाबू लागली. ‘ओंदु, एरडु, मूरु’ असं मोठ्यानं मोजत होती. तिच्या धडपडीत काहीच कमी नव्हतं. पण खाट उंच, पोरगी ठेंगणी, कोपरं वाकलेली आणि खाली फोमची गादी. दाबासरशी गादीच खाली जायची, छाती जेमतेम. दहा-बारा दाब झाले की थांबून पुन्हा गळ्याशी नाडी बघायची. मी तिच्या पायाशी स्टूल सरकवलं आणि पाठीखाली घालायची फळी मागितली. ती कुठं ठेवलीय हे वॉर्डबॉय मामांना ठाऊक नव्हतं. तिची जागा घ्यायला दुसरं कुणी नाही म्हटल्यावर मीच हात लावला. डॉक्टर आले, पण गृहस्थ गेले.

सीपीआर नीट मिळाला असता तर ते वाचलेच असते, असं मी म्हणत नाही. ते कुणालाच सांगता येणार नाही. पण नंतर बेसिनपाशी ती पोरगी रडत म्हणाली, ‘‘अक्का, कॉलेजात एकदाच करून बघितलं होतं. सरावाचा एक पुतळा आणि चाळीस मुलींची रांग.’’ तिला दोष कसा द्यायचा?

मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटिमीटर खाली जावी लागते, तीही मिनिटाला 100 ते 120 वेळा. प्रत्येक दाबानंतर ती पूर्ण वर येऊ द्यावी लागते, नाहीतर हृदयात रक्त भरतच नाही. 30 दाबांमागे 2 श्वास द्यायचे. मध्ये थांबावं लागलंच तर 10 सेकंदांच्या आत पुन्हा सुरू करायचं. दर 2 मिनिटांनी माणूस बदलायचा, कारण आपण दमलोय हे कळायच्या आधीच दाब उथळ होतात. घाईघाईत अंबू बॅग (श्वास देण्यासाठी हातानं दाबायची पिशवी) भराभर दाबणं ही तर नेहमीची चूक. छातीत हवा दाटली की हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. हे सगळं तोंडपाठ असूनही ऐनवेळी हात चुकतात. माझेही चुकले आहेत.

बेसिक लाइफ सपोर्टचं, म्हणजे सीपीआरसारख्या जीव वाचवण्याच्या प्राथमिक उपायांचं, प्रमाणपत्र 2 वर्षं चालतं, हातातलं कसब मात्र काही महिन्यांतच उतरतं. म्हणून दर तीन महिन्यांनी दहा-पंधरा मिनिटं, ड्युटीवर असतानाच, वॉर्डातल्या खाटेवर पुतळा ठेवून सराव घ्यावा. दाब किती खोल जातोय हे दाखवणारा पुतळा असेल तर फारच उत्तम. त्याच वेळी फळी, स्टूल आणि हृदयाला शॉक देणाऱ्या मशीनची बॅटरीही तपासून होईल. बेळगावात जेएनएमसी आणि बिम्ससारखी मेडिकल कॉलेजं आहेत. त्यांचे शिकवणारे आणि पुतळे खानापूर, निपाणी, चिकोडीच्या सरकारी दवाखान्यांत आणि छोट्या नर्सिंग होममध्ये आळीपाळीनं यावेत, अशी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे.

आणि मामा-मावशींना यातून वगळू नका. रात्रपाळीला खाटेजवळ कितीदा तरी तेच आधी पोचतात. इंग्रजी स्लाइड दाखवून त्यांच्या पदरात काय पडणार? आमच्याकडची मावशी घरी मराठी बोलते आणि कामावर कन्नड. तिला ज्या भाषेत पटकन समजेल त्या भाषेत शिकवा. एक-दोन-तीन म्हणा की ओंदु-एरडु-मूरु, वेग तेवढा बरोबर हवा.

खानापुरात कुणी असा वर्ग घेणार असेल तर मी मदतीला यायला तयार आहे, रात्रपाळीच्या वेळेलाही.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, खानापूर