काच स्वच्छ करण्याची सोय सशुल्क नको

महोदय,

इलेक्ट्रिक गाड्यांच्या जाहिरातींत मोबाइलवरून एसी सुरू करण्याची सोय दाखवतात ती उन्हाळ्यासाठी. पुण्यात तिची खरी गरज पावसाळ्यात लागते, आणि तीही गारव्यासाठी नव्हे, समोरचा रस्ता दिसावा म्हणून.

मी बावधनला राहते आणि पिरंगुटच्या बाजूला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. सकाळी भूगावच्या रस्त्यावर खडीचे डंपर, रेनकोटातले दुचाकीस्वार आणि छत्र्या सावरत शाळेला निघालेली मुले एकाच वेळी असतात. त्यात ओल्या छत्रीसकट दोन माणसे गाडीत बसली, की श्वासाची आणि कपड्यांची वाफ गार काचेवर धरते. मग चालक एका हाताने स्टिअरिंग सांभाळत दुसऱ्या हाताने फडके फिरवतो. काचेवर तेलकट पट्टे उठतात, समोरच्या गाडीचा दिवा त्यात फाकतो, आणि पुढच्या सिग्नलपर्यंत वाफ परत येते ती येतेच.

निघण्याआधी पाच-दहा मिनिटे घरातूनच एसी लावला तर हे टळते. एसीच्या गार कॉइलवर हवेतले पाणी उतरते आणि नळीवाटे गाडीखाली ठिबकते. कोरडी झालेली हवा काचेवरची वाफ टिपून घेते. आधी डॅशबोर्डलगत दोन अर्धगोल स्वच्छ होतात, ते वर चढत एकमेकांना भिडतात आणि समोरची पार्किंगची भिंत दिसू लागते. झोत काचेकडे हवा आणि आतलीच हवा फिरवणारे बटण बंद हवे. तापमानही फार खाली नेऊ नये, २४-२५ पुरते. काच अतिगार झाली तर बाहेरची दमट हवा तिच्या बाहेरच्या अंगावर धरते. तिथे मग वायपरच लागतो.

रेंज कमी होईल या धास्तीने अनेक जण एसीला हातच लावत नाहीत. हिशेब सोपा आहे : २ किलोवॉटने १० मिनिटे म्हणजे युनिटचा तिसरा हिस्सा. ४० युनिटांच्या बॅटरीतला तो एक टक्काही नाही. गाडी चार्जिंगला असेल तर बहुतेक गाड्या तेवढी वीज प्लगमधूनच घेतात. शिवाय बंदिस्त तळघरात पेट्रोलची गाडी नुसती चालू ठेवली तर कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो. इथे तो नाही.

आता तक्रार. मोबाइलवरचा आदेश कंपनीच्या सर्व्हरमार्फत गाडीतल्या सिमकार्डाकडे जातो. आमच्या सोसायटीच्या दुसऱ्या तळघरात नेटवर्क पोहोचत नाही, त्यामुळे ज्या सकाळी खरी गरज असते त्याच सकाळी अ‍ॅप नुसते गोल फिरत राहते. त्यातून ही सेवा बऱ्याच गाड्यांत पहिली काही वर्षेच मोफत असते, पुढे वर्गणी. गाण्यांचे, नकाशांचे पैसे जरूर घ्यावेत. पण काच स्वच्छ असणे ही सुरक्षेची बाब आहे. तिच्यासाठी कोणी वर्षाला पैसे भरायचे आणि कोणी फडके फिरवायचे, हे मला मुळीच पटत नाही. रस्त्यावरून चालणाऱ्या मुलाने तर कोणतीच वर्गणी भरलेली नसते.

कंपन्यांनी ठरावीक वेळी काचेकडे झोत सुरू करणारा टायमर गाडीच्या स्क्रीनवरच द्यावा. त्याला ना नेटवर्क लागेल ना वर्गणी. आणि डिलिव्हरीच्या दिवशी सनरूफ व रंगीत दिवे दाखवण्याआधी शोरूमवाल्यांनी तो ग्राहकाकडून एकदा लावून घ्यावा.

— एक शिक्षिका, बावधन, पुणे