यूपीएस जोडायच्या आधी

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "चाळीस ओव्या गेल्या, जाऊ दे, आई पुन्हा सांगेल." मागून आईचा आवाज काही आला नाही. तेव्हापासून माझं मन लागत नाही. आई, तुझ्या ओव्या अशा बसल्या जागी आठवत नाहीत, हे मला माहीत आहे. जात्यावर हात फिरायला लागला की एकीमागून एक येतात, नाहीतर अडून बसतात. आजीकडून तुझ्याकडे आलेल्या, आणि बाबांनी दोन बोटांनी, चष्मा सारखा करत टाइप केलेल्या ओव्या एका झटक्यात जाव्यात, हे मला सहन होत नाही.

बाबा, तुमच्या हातून काहीही चुकलं नाही. तुम्ही सांगितलंत की संध्याकाळी लाईन गेली, आली, लगेच पुन्हा गेली, आणि नंतर फाईल उघडलीच नाही. फाईल डिस्कवर लिहिली जात असतानाच वीज गेली तर लिखाण अर्धं राहतं. वही लिहिताना कोणी हातातून ओढून घ्यावी, तसंच ते. म्हणून काकांच्या हाती दारव्ह्याहून यूपीएस पाठवते आहे, म्हणजे लाईन गेली तरी कॉम्प्युटर थोडा वेळ चालू ठेवणारा बॅटरीचा डबा. पैसे मी दिलेत, त्याचा विषय काढू नका. पण जोडायच्या आधी हे पत्र एकदा पूर्ण वाचा.

तुमचा पहिला प्रश्न मला ऐकू येतोय: घरात इन्व्हर्टर असताना हा कशाला? लाईन गेल्यावर कॉम्प्युटर सेकंदाचा जेमतेम पन्नासावा-साठावा भाग तग धरतो. आपला इन्व्हर्टर नेहमीच्या मोडवर लाईनवरून बॅटरीवर जायला त्याहून जास्त वेळ घेऊ शकतो. पंखा-दिव्याला ते कळतही नाही, कॉम्प्युटर मात्र बंद पडतो. इन्व्हर्टरवर 'यूपीएस मोड'चं बटण आहे, त्यात तो लवकर बदलतो हे खरं. पण त्या मोडमध्ये व्होल्टेज १८०च्या आसपास उतरलं की तो सरळ बॅटरीवर जातो. आपल्याकडे संध्याकाळी बल्ब पिवळे पडतात तेव्हा २३०चं व्होल्टेज कुठवर उतरतं, ते तुम्ही मीटर लावून पाहिलंच आहे. मग बॅटरी संध्याकाळीच संपेल आणि रात्री खरंच लाईन गेली तर पंखा फिरणार नाही. म्हणून इन्व्हर्टर आहे तसाच राहू द्या. मी घेतलेला यूपीएस लाईन इंटरॅक्टिव्ह प्रकारचा आहे. साधारण १४० ते ३०० व्होल्टपर्यंत तो बॅटरी न वापरता व्होल्टेज स्वतःच वर-खाली करून देतो. आपल्या गावाला हाच बरा.

खोक्यावर ६०० व्हीए लिहिलं आहे, म्हणजे प्रत्यक्षात ३६० वॉटच्या आसपास. तुमचा कॉम्प्युटर आणि मॉनिटर मिळून शंभर-सव्वाशे वॉट घेतात. आतली बॅटरी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची. कागदावर हिशेब केला तर पाऊण तास निघतो, पण एवढ्या भाराने ओढली की ती तेवढं देत नाही. नवी असताना पंधरा-वीस मिनिटं धरा. बाबा, इथे माझं ऐका. एवढ्या वेळात ओवी पूर्ण करू म्हणून बसू नका. लाईन गेली की यूपीएस पीं-पीं करतो, ते ऐकू आलं की आधी कंट्रोल आणि एस दाबा. दोन मिनिटं वाट पाहा, लाईन आली नाही तर नीट शटडाऊन करा. रोज झोपायच्या आधी फाईलची एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्या आणि पेन ड्राइव्ह काढून आईच्या मसाल्याच्या कपाटात ठेवा. तिथून काही हरवत नाही.

आता जागा. कॉम्प्युटर सध्या छपरीत, टिनाखाली आहे. नवतप्यात तिथे दुपारी उभं राहवत नाही, तर बॅटरी कशी राहील? या बंद लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांना मोजलेलं असतं, आणि त्यावर दर दहा अंशांना ते जवळपास निम्मं होतं. ४५ अंशांत तीन-चार वर्षांची बॅटरी वर्षभरात जाईल, आणि गेली ते कळेल ते नेमकं लाईन जाईल तेव्हाच. म्हणून टेबल माजघरात हलवा. वर कवेलू, मातीच्या जाड भिंती, घरातली सगळ्यात थंड खोली तीच. मागे वीतभर मोकळी जागा सोडा. कूलरची ओली हवा सरळ अंगावर येणार नाही असं बघा.

यूपीएसला कॉम्प्युटर आणि मॉनिटर एवढंच लावायचं. आई, मिक्सर नाही, प्रेस नाही, कूलरही नाही. वायफायच्या डब्यासाठी १२ व्होल्टचा छोटा वेगळा यूपीएस मिळतो, तो मी येताना आणते.

काळजी मला अर्थिंगची जास्त आहे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की जमिनीशी त्याचा संबंध नावापुरता उरतो. जास्तीचं व्होल्टेज झटक्याने आलं तर यूपीएसने ते जमिनीत सोडायचं असतं, आणि वाटच नसेल तर तो काय करणार? पाऊस लागेपर्यंत आठवड्यातून दोनदा त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. तीन पिनच्या प्लगला दोन पिनचा जोड लावू नका. वायरमनला बोलावून एकदा अर्थिंग तपासून घ्या, मोजायला मीटर घेऊन ये म्हणावं.

त्या वर्षी डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, न्यूट्रल (वीज परत जायची तार) तुटला आणि आपल्या ओळीतले टीव्ही जळाले, ते आठवतं ना? न्यूट्रल सुटला की घरात २३०च्या जागी ४००पर्यंत व्होल्टेज येऊ शकतं. दिवे एकदम पांढरेफटक झाले, पंखा जोरात फिरू लागला, की काही न बघता मेन स्विच पाडा. आणि मृगाच्या आधी गडगडायला लागलं की यूपीएसवर विसंबू नका. वीज पडली तर तो थांबवू शकत नाही. ढग दिसले तेव्हाच सगळे प्लग काढा, डिशची वायरही काढा. गडगडाट सुरू झाल्यावर मात्र वायरींना हात लावू नका. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' नावाचं ॲप आहे, जवळपास वीज पडण्याची शक्यता असली की ते कळवतं. बाबांच्या फोनमध्ये काका घालून देतील. तुम्ही पऱ्हाटीच्या वावरात असाल तेव्हाही ते कामी येईल.

आणखी एक, यूपीएसशी संबंध नसलेलं. इन्व्हर्टरची मोठी बॅटरी देवघराच्या भिंतीला आहे. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, आणि शेजारीच आईची समई जळते. हे मला मागच्या वेळीच बोलायला हवं होतं. बॅटरी ओसरीत, सावलीत आणि हवेशीर जागी हलवा. तिच्यात डिस्टिल्ड वॉटरच घाला, विहिरीचं नको.

मी येत्या रविवारी निघते. आई, जातं अडगळीतून काढून धुऊन ठेव आणि पायलीभर ज्वारी निवडून ठेव. आपण दोघी समोरासमोर बसू. तू म्हण, मी फोनवर तुझा आवाज भरून घेते. तो तीन ठिकाणी ठेवीन. मग बाबा निवांत ऐकत टाइप करतील. आजीची ती न्हाणाऱ्या लेकीची ओवी मला अर्धीच येते, ती आधी सांगशील?

तुमची
धाकटी