येताना दिवसा ये

येळ्ळूर,
13 नोव्हेंबर

चि. सौ. शैला हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास त्याला आज चार दिवस झाले. तुझा राग मला लहानपणापासून ठाऊक आहे, तिसऱ्या दिवशी उतरतो. चौथा उजाडला तरी फोन नाही, म्हणून कागद घेऊन बसलो. फोनवर बोलायला लागलो की मला दम लागतो, दम लागला की तू घाबरतेस, आणि सांगायचं ते राहून जातं. लिहिताना मधे थांबता येतं. हे पत्र कालपासून लिहितोय.

शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत हे मी लिहून ठेवलेल्या त्या कागदाचा, म्हणजे लिव्हिंग विलचा, फोटो संजूने तुला असा एकदम पाठवायला नको होता. खरं म्हणजे चूक माझी. आधी तुझ्याशी बोलून मग सही करायला हवी होती. तू सगळा कागद वाचलास आणि एका ओळीवर अडलीस. 'कोणाही नातेवाइकाच्या येण्यासाठी मला यंत्रावर ठेवू नये.' "म्हणजे आप्पा, माझी सहा तास पण वाट बघणार नाही तुम्ही?" असं म्हणालीस आणि फोन बंद.

बाळ, ती ओळ तुझ्यामुळेच लिहिली. कशी ते सांगतो, शेवटपर्यंत वाच.

18 जानेवारी 2023 ची रात्र. तुझ्या आईला आत घेतलं, अर्ध्या तासात डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, श्वासासाठी नळी घालावी लागेल, सही करा. मी संजूकडे बघितलं, संजूने माझ्याकडे. मग तो म्हणाला, "ताई येईपर्यंत तरी ठेवा." त्याचं काय चुकलं? कुणाही भावाने तेच म्हटलं असतं. मीही मान हलवली. तू अकरा वाजता पुण्याहून निघालीस, एकटी, त्या थंडीत. तवंदीच्या घाटात उसाच्या ट्रॉलीला मागून गाडी घासली, आणि ते तू मला आठ दिवस कळू दिलं नाहीस. कपाळावर पट्टी बघून विचारलं तर म्हणालीस, दाराला लागलं. ट्रॉलीला मागे ना दिवा, ना लाल कापड. एक हात इकडं तिकडं झाला असता तर त्या पहाटे मी कुणाकुणासाठी रडलो असतो?

आता परत तेच लिहिणार नाही. ठरवलंय. खरं ऊस सुरू झालाय, रोज संध्याकाळी मला त्या ट्रॉल्याच दिसतात.

तू आलीस. आईने डोळे उघडून तुला बघितलं, हे खरं. त्यानंतर नळी काढायची की नाही हे विचारायचं कुणी, आणि सांगायचं कुणी, हेच कळेना. 'ताई येईपर्यंत' संपलं होतं आणि पुढचं कुणाकडे काही नव्हतं. दहा दिवस गेले. नळी ओढू नये म्हणून तिची मनगटं पांढऱ्या पट्टीने कॉटला बांधलेली. मी गेलो की सिस्टर उजव्या हाताची पट्टी सोडायची. पाचव्या दिवशी तिने माझ्या तळहातावर बोटाने लिहिलं. मी 38 वर्षं पोरांचे हात धरून अक्षरं गिरवून घेतली, शैला. तिने 'प' काढला, मग काना दिला, आणि बोट थांबलं. पाणी? पाय दुखतोय? पारूला बोलाव? मी एकेक विचारत गेलो, ती नुसती मान हलवत राहिली. दुसऱ्या दिवशी बोट उचललंच नाही. हे मी तुला आजवर सांगितलं नव्हतं. संजूलाही नाही.

दवाखान्याचं मी नाव काढत नाही. त्यांनी त्यांचं काम केलं. रात्रपाळीची ती कन्नड सिस्टर तर रोज मला बाहेर बाकावर बघून "अज्जा, ऊटा आतेन्री?", आजोबा जेवलात का, म्हणून विचारायची आणि उत्तर ऐकायला थांबायची. खरं कुणी बसवून एवढं सांगितलं नाही की असा एक रस्ता असतो. नंतर वाचताना मला कळलं, तुझी आई आत असतानाच, 24 जानेवारीला, दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने या कागदाचे नियम सोपे केले. 2018 च्या मार्चमध्ये पाच न्यायाधीशांनी सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या कलम 21 मध्ये येतो असं मान्य केलं होतं, पण त्यावेळी या कागदावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्या कर्नाटकाच्या आरोग्य खात्याने 2025 च्या 30 जानेवारीला परिपत्रक काढलं, आईच्या दुसऱ्या वर्षश्राद्धाच्या सुमारास. माने गुरुजींनी पेपरचं कात्रण आणून दिलं. ते मी नऊ महिने पंचांगात ठेवलं होतं.

तू म्हणालीस, "हे आत्महत्येसारखंच आहे." नाही गं. मला कुणी इंजेक्शन देऊन संपवावं असं त्यात कुठंही नाही, तसं करणं आपल्या देशात गुन्हाच आहे. त्यात एवढंच आहे की बरं होण्याची आशा उरली नाही तर नळी घालू नये, घातली असेल तर काढावी. तेही एकटा डॉक्टर ठरवत नाही. उपचार करणारा आणि आणखी दोन तज्ज्ञ आधी बघतात, मग दुसरं मंडळ बघतं, त्यात जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असतो. आणि मला वाटलं तर शुद्धीत असेपर्यंत तो कागद मी केव्हाही लेखी मागे घेऊ शकतो.

माझ्या फुफ्फुसांचं तुला माहीतच आहे. फायब्रोसिस, म्हणजे फुफ्फुसं घट्ट होत जाणं, मागे फिरत नाही. गोळ्यांनी वेग कमी होतो, झालाही. डॉक्टरांना मी सरळ विचारलं, व्हेंटिलेटरवर गेलो तर उतरेन का? ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्या आजारात चढवणं सोपं, उतरवणं फार अवघड." खोटं बोलले नाहीत याचं मला बरं वाटलं.

अरुणा शानभागची गोष्ट तुला आठवते का? हळदीपूरची, आपल्याच राज्यातली मुलगी, मुंबईत केईएमला नर्स. 1973 साली तिच्यावर तो हल्ला झाला आणि 2015 पर्यंत, 42 वर्षं, ती तशीच पडून होती. तिला जाऊ द्या म्हणून कोर्टात गेलेली बाई तिच्यावर मायाच करत होती, आणि नाही म्हणणाऱ्या केईएमच्या नर्सेसनी तर तिला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं. दोन्हीकडे मायाच होती. म्हणून तुझा राग मला चूक वाटत नाही.

घरातलं मरण म्हणजे सगळं गोड असं मी म्हणत नाही. तुझे आजोबा 1979 साली सोप्यात गेले. भावकी जमली होती, भजन चाललं होतं, तोंडात तुळशीचं पान. सगळे म्हणतात सोनं झालं म्हाताऱ्याचं. खरं त्याआधी नऊ रात्री ते कण्हत होते आणि त्यांच्या दुखण्यावर घरात सुंठीच्या लेपाशिवाय काही नव्हतं. तो आवाज माझ्या कानात आहे. म्हणून कागदात मी लिहिलंय की श्वासाची तगमग आणि वेदना कमी करणारं औषध भरपूर द्यावं, मॉर्फिन लागलं तरी द्यावं. संजू त्या शब्दाला दचकला. डॉक्टरांनी त्याला समजावलं की बेताच्या मात्रेत दिलं तर घुसमट कमी होते, माणूस शांत पडून राहतो. उपचार बंद करा असं मी म्हटलेलंच नाही. मशीन नको, माणसं हवीत.

आणि भोजचे जैन मुनी शांतिसागर महाराज. पाटलांच्या घरी त्यांचा फोटो होता, तू लहानपणी 'हे कोण' म्हणून विचारायचीस. त्यांनी 1955 साली कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली, म्हणजे व्रत म्हणून अन्नपाणी सोडून देह ठेवला. आपल्या भागातल्या माणसांना ठरवून निरोप घेणं काही नवीन नाही. माझं तसं व्रत नाही, मी तपस्वी नाही. मला अजून नव्या बासमतीचा भात आणि त्यावर तूप हवं आहे. ज्या दिवशी नको वाटेल त्या दिवशी बळेबळे नाकातून घालू नका, एवढंच.

कागदाची आणखी एक गोष्ट. मी तो मराठीत लिहून नेला होता, वहीच्या दोन पानांवर, माझ्या अक्षरात. कोर्टाच्या आवारातला टायपिस्ट म्हणाला, "मास्तर, भाषा कुठली?" मी जरा वेळ बाकावर बसून राहिलो. पोरगा होतो तेव्हापासून 1 नोव्हेंबरला मी काळी फीत लावून फेरीत चाललो आहे, यंदा पहिल्यांदा घरी बसलो, ऑक्सिजन लावून. आपला मराठी भाग कर्नाटकात गेला, ते 1956 पासूनचं दुखणं माझ्यासोबतच जाणार. पण रात्री दोन वाजता मला आत घेतलं तर तिथे ती सिस्टर असेल, 'ऊटा आतेन्री' विचारणारी. तिला ते वाचता आलं पाहिजे. मराठी, खाली कन्नड, खाली इंग्रजी, असा करून घेतला. तुझ्या आईचं अर्धं अक्षर मला वाचता आलं नव्हतं. माझं तरी कुणालाही वाचता यावं.

माझ्या वतीने बोलायला पहिलं नाव तुझं घातलंय. संजूचं दुसरं. त्याला विचारून घातलं, तो म्हणाला, ताईच बरी. बँकेत तू कुणाच्या दबावाला कशी बधली नाहीस ते मी तुझ्या साहेबाकडून ऐकलंय, तुला माहीत नाही. त्या दिवशी मी एसटीत बसून येळ्ळूरपर्यंत हसत आलो. त्या खंबीरपणावर माझा भरवसा आहे. खरं हे ओझं तुझ्यावर टाकलं असंही वाटतं, दोन रात्री झोप नाही. मग वाटतं, तुला ठरवायचं काही नाहीच, ठरवून मी बसलोय. तू नुसतं 'आप्पांनी असं लिहिलंय' एवढं म्हणायचं. ते फोनवरूनही म्हणता येतं. त्यासाठी रात्री गाडी काढायची गरज नाही.

परत आलोच तिथे.

ओवीला मात्र सांग. 'आजोबा बरे होतील' असं खोटं सांगू नकोस. तिला म्हण, आजोबांची फुफ्फुसं थकलीत. मुलांना खोटं लगेच कळतं, आणि मग ती विचारणंच सोडून देतात, आपल्याला वाटतं विसरली. मी वर्गात बघितलंय, ज्या पोराला घरी काही सांगत नाहीत ते खिडकीत बघत बसतं. तेव्हा तिला जवळ घेऊन, नीट वेळ काढून, तिच्या भाषेत... मास्तरकी सुरू झाली. माफ कर. तुझी मुलगी आहे, तुला कळतं.

डोळे द्यायचे आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असलं तरी चालतं, विचारून घेतलं. सहा तासांच्या आत घ्यावे लागतात, तेव्हा ते संजू बघेल, तू पोचायची वाट बघत थांबायचं नाही. मातीला थांबवायचं तर थांबवा, दुपारपर्यंत काय, संध्याकाळपर्यंत थांबवा. माती थांबते. जिवाला थांबवू नका. तू येईपर्यंत माझा हात गार झाला असेल, तरी तो तुझ्या आप्पाचाच हात असेल, धर थोडा वेळ. आणि बांधलेला नसेल.

शेत विकायचं नाही. आईच्या वेळी मळ्यातले वीस गुंठे गेले, पुरे झालं.

कागदाच्या प्रती डॉक्टरांकडे, संजूकडे आणि पंचायतीत आहेत. तुझी या पत्राबरोबर आहे. रागाने फाडलीस तर कळव, दुसरी पाठवतो.

मला वाट बघायची आहे, शैला. शुद्धीत असताना, पडवीत खुर्ची टाकून, राजहंसगडाकडे तोंड करून. मळणी झाली की ये. ओवीला आण. कावेरी परवा व्याली, पाडी झाली, कपाळावर पांढरा चांद आहे. नाव ओवीने ठेवायचं.

जावईबापूंस नमस्कार. ओवीस गोड पापा.

तुझा,
आप्पा

ता. क. सकाळी सहाला निघालीस तर दुपारच्या जेवणाला इथे पोचतेस. तवंदी उजेडात लागते. मी जेवायला थांबतो.