डब्यात झिंगा घेऊन आलेल्या सरांना

आदरणीय सर,

हे पत्र उघडपणे लिहितेय. तुम्हाला आवडणार नाही, माहीत आहे.

भावाने बव्हेरियातल्या एका डोंगरी ओढ्यात टिपलेल्या त्या नांगीवाल्या जीवाचा फोटो घेऊन माझी लेक कुणाकुणाकडे गेली! एका प्राध्यापकांनी मोबाइलमधून मान वर न करता "झिंगा आहे, रस्सा करा" म्हटलं, अन् सोबतचे हसले. नववीतली पोर ती. धरमपेठेपासून घरापर्यंत बोलली नाही. एका ॲपने अमेरिकेतली जात ठोकून दिली.

आणि तुम्ही! नागपूरचा मे महिना, गळ्यात तुळशीची माळ, हातात बर्फावर झिंगा ठेवलेला स्टीलचा डबा. बाजारात ओळखीच्यांनी काय विचारलं असेल, बाप्पा! उत्तर तुम्ही फोनवरही सांगू शकला असता. पण तुम्ही डबा फोटोशेजारी ठेवलात, लेकीच्या हाती भिंग दिलंत आणि गप्प बसलात. कूलरच्या घरघरीत बराच वेळ गेला. मग तीच ओरडली, "झिंग्याची मोठी नांगी दुसऱ्या पायाला आहे, फोटोतल्याची पहिल्याच!" म्हणजे क्रेफिश, गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा नांगीवाला. आपल्या देशात मुळात नसलेला जीव.

घाबरून त्याने नांग्या उगारल्या होत्या, म्हणून त्यांची खालची बाजू फोटोत आली. ती फिकट, लाल नाही. म्हणजे अमेरिकेतला सिग्नल क्रेफिश नाही, युरोपातला मोठा नोबल क्रेफिशही नाही. कपाळावरचं टोक आखूड, त्रिकोणी. थंड ओढ्यांतला स्टोन क्रेफिश, ऑस्ट्रोपोटॅमोबियस टोरेंटियम, असं तिने लिहिलं. तुम्ही त्या नावाआधी "बहुधा" घालायला लावलंत, कारण मिशीच्या बुडाशी असलेल्या खवल्याची दातेरी कड फोटोत दिसत नव्हती. इतकी वर्षं शिकवलेला माणूस नववीच्या पोरीसमोर "बहुधा" म्हणतो, हे मला फार मोठं वाटलं. ज्यांना येतं ते असेच असतात का हो? रस्सा करायला सांगणाऱ्यांना मात्र खात्री होती.

भावालाही तुमचा निरोप पोचवला: त्याला हात लावू नको, आणि बूट पूर्ण वाळवल्याशिवाय दुसऱ्या ओढ्यात उतरू नको. अमेरिकन क्रेफिशांबरोबर आलेला बुरशीसारखा रोग ओल्या बुटांवरूनही पसरतो, अन् हे युरोपातले बिचारे त्याने पटापट मरतात. भावाला यातलं काही ठाऊक नव्हतं.

पावसाळा लागला की लेकीला रामटेककडे खेकडे बघायला जायचंय. तुम्ही सोबत याल का, हे विचारायची जबाबदारी तिने माझ्यावर टाकली आहे.

तुमची ऋणी,
एक आई